चौकटीतलं अर्धंच वाचणारे

नैराश्यावरच्या गोळ्यांबद्दल आपल्याकडे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, "त्या गोळ्यांनीच माणूस जीव देतो, नेटवर वाचलंय." दुसरा, बहुतेक वेळा टेबलापलीकडे बसलेला, म्हणतो, "काही होत नाही हो, रात्री जेवणानंतर एक घ्या." माझं भांडण दोघांशी आहे. पण आज जास्त पहिल्यांशी, कारण ते माझ्या नात्यातले आहेत आणि त्यातले निम्मे हा ब्लॉग वाचतात. (आधी पूर्ण वाचा, मग फोन करा.)

निमित्त घरातलंच. नात्यातल्या एका १९ वर्षांच्या मुलाला या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी पाच मिनिटांत चिठ्ठी लिहिली आणि महिन्याने या म्हणाले. पहिल्या काही दिवसांत काय होऊ शकतं, कशावर लक्ष ठेवायचं, यावर एक अक्षर नाही. आठवड्याभरात पोराने आईला सांगितलं, झोप लागत नाही, आत नुसती तडफड होतेय. आई म्हणाली, परीक्षेचं टेन्शन असेल. मग दहाव्या दिवशी कुणीतरी एक बातमी पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांनी गोळ्या बंद करून टाकल्या. डॉक्टरांना न विचारता! म्हणजे आधी सगळे गप्प, आणि मग सगळे शहाणे.

ती बातमी खोटी नव्हती, हे आधी मान्य करू. २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. लहान मुलं आणि किशोरवयीनांवरच्या २४ चाचण्या, सुमारे ४४०० रुग्ण, त्यांचा एकत्र हिशोब केला तेव्हा आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन गोळी घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत सुमारे २ टक्के दिसलं. त्या चाचण्यांत आत्महत्या मात्र एकही झाली नव्हती. २००७ मध्ये हा इशारा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. पुढच्या वयात धोका वाढलेला दिसला नाही, आणि ६५ च्या वर तर तो कमी झालेला दिसला. तेव्हा ६८ वर्षांच्या काकांची गोळी याच बातमीच्या जोरावर बंद करणारे महाभाग कुठला कागद वाचतात ते त्यांनाच ठाऊक!

औषध कंपन्यांवर विश्वास ठेवा असंही मी म्हणत नाही. पॅरॉक्सेटीन हे औषध किशोरवयीनांना चांगलं लागू पडतं, असं सांगणारा 'स्टडी ३२९' नावाचा अभ्यास २००१ मध्ये छापून आला. त्याचीच मूळ माहिती इतर संशोधकांनी पुन्हा तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष छापला, की ते ना परिणामकारक होतं ना सुरक्षित. मधल्या काळात, २०१२ साली, कंपनीने इतर आरोपांसकट हे औषध १८ वर्षांखालच्यांसाठी बेकायदा खपवल्याबद्दल अमेरिकन सरकारशी ३ अब्ज डॉलर्सची तडजोड केली. तेव्हा भीतीला आधार आहेच.

पण मंडळी, चौकटीत पुढेही लिहिलंय! नैराश्य या आजारातच आत्महत्येचा धोका असतो, असं तिथेच छापलंय. उपचार सुरू केल्यावर रुग्णावर बारकाईने लक्ष ठेवा, आणि घरच्यांनाही तसं सांगा, म्हणजे काही बदल दिसला तर ते डॉक्टरांना कळवतील, हेही तिथेच आहे. तो इशारा नुसता डॉक्टरांसाठी नाही. तो आईसाठी आहे, मावशीसाठी आहे, खोलीत शेजारी झोपणाऱ्या भावासाठी आहे. आपण त्यातला 'धोका' हा शब्द तेवढा उचलला आणि आपल्याला सांगितलेलं काम सोडून दिलं.

काम तसं अवघड नाही. गोळीचा मनावरचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. अस्वस्थपणा, झोप उडणं, चिडचिड, एका जागी बसवत नाही असं वाटणं हे मात्र पहिल्या काही दिवसांतही येऊ शकतं, किंवा डोस बदलल्यावर. तेव्हा सोबत राहायचं, मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारायचं (विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत), आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. एकदम गोळी थांबवली तर चक्कर, मळमळ, बेचैनी होते आणि मूळ आजारही उलटू शकतो. बंद करायचीच असेल तर ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

आणि डॉक्टरसाहेब, तुम्हाला वेळ नसतो हे कळतं. बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात. पण "पहिले काही आठवडे याला एकटं ठेवू नका, काही वेगळं वाटलं तर लगेच मला कळवा" एवढं म्हणायला दहा सेकंद लागतात. इशारा दिला तर पेशंट घाबरून गोळ्या घेणार नाही, हे तुमचं नेहमीचं उत्तर. मग न सांगता काय झालं? तोच इशारा दहाव्या दिवशी मोबाईलवर आला, अर्धवट, आणि तुमच्याशिवाय.

फोन लागत नसेल किंवा रात्रीचे दोन वाजले असतील, तर सरकारची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. जिवाला लगेच धोका वाटला तर मात्र सरळ जवळचं हॉस्पिटल गाठा. ग्रुपवर पुढे पाठवायचंच असेल तर हा नंबर पाठवा.