आधी पान उलटून तर बघा!

नवी मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये एक जमात हमखास भेटते. झाडाचं पान काळं, पिवळं, वाकडं, काहीही दिसलं की यांचं उत्तर एकच: "फवारणीवाल्याला बोलवा." कसली फवारणी? कशावर? ते विचारायचं नाही. लॉग न वाचता सर्व्हर रीस्टार्ट करणारे लोक आठवतात ना? तेच हे.

आंब्याचंच घ्या. पानांवर काजळी धरली की कमिटी म्हणते, "बुरशी आलीय", आणि बुरशीनाशक मारून मोकळी होते. बुरशी आहे हे खरं, पण ती पानाला खातच नाही! तुडतुडे किंवा पिठ्या ढेकूण पानाचा रस पितात, त्यांच्या अंगातून चिकट गोड द्रव गळतो आणि काजळी त्या गोडावर वाढते. बोटाने घासलं की निघते. (आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांनी तो चिकटा काचेवर अनुभवला असेलच.) म्हणजे किडे वर मजेत आणि आपण खाली लक्षण पुसत बसलोय. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर त्या गोडासाठी या ढेकणांची राखणही करतात. अशा वेळी फांद्या थोड्या विरळ करून आत ऊन-वारा जाऊ द्यायचा. लहान झाड असेल तर पाण्याचा जोरदार मारा, आणि मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल, थोडा साबण घालून, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने. मोहोरात मात्र हात आवरा. परागीभवन करणाऱ्या माश्याच मेल्या तर फळ कुठून धरणार?

घासून न जाणारे तपकिरी-काळे डाग, तेही पावसाळ्यात कोवळ्या पानांवर, म्हणजे बहुधा करपा. तिथे तांब्याचं औषध बरोबर आहे. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण 1885 पासून जगाला माहीत आहे. माझं भांडण औषधाशी नाहीच, आंधळेपणाशी आहे.

सातवीण (सप्तपर्णी) तर बिचारी. पानभर गाठी येतात, बघूनच लोक घाबरतात. त्या गाठीच्या आत एका बारीक किड्याचं पिल्लू बसलेलं असतं, आणि भोवतालची भिंत खुद्द पानाचीच! वरवर मारलेलं औषध आत पोचणार कसं? रोप लहान असेल तर ती पानं तोडून नष्ट करा. मोठं झाड असेल तर सरळ सोडून द्या, ते सहसा निभावून नेतं.

"अरे, पण आता अॅप आहेत ना!" धंदाच आपला आहे म्हणून सांगतो. 2016 साली पानांचे रोग ओळखणारं एक गाजलेलं मॉडेल आलं. सुमारे 54 हजार फोटो, 14 पिकं, अचूकता 99 टक्क्यांच्या वर. वा! पण त्या 14 पिकांत आंबा नाही, आणि वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिल्यावर तीच अचूकता 31 टक्क्यांवर आली. त्यानंतर मॉडेल सुधारली असतील, पण फोटोत पानाची खालची बाजू, मुंग्या आणि बुंधा नसेल तर अॅप तरी काय करणार?

बुंध्यावरून आठवलं. कित्येकदा पिवळ्या पानांचं मूळ कारण मुळाशीच असतं: बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक. पाणी नाही, हवा नाही, आणि आम्ही वर औषधं मारतोय. 2013 साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत झाडाभोवतीचं 1 मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. आमच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी हाच विषय मांडणार आहे. विरोध होणारच, एका गाडीचं पार्किंग जातं ना!