अठरा रविवारांची आखणी

२१ फेब्रुवारी १९३२ हा रविवार होता. त्या दिवशी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे सोबतच्या कैद्यांपुढे गीतेवर बोलायला बसले. पुढच्या रविवारी दुसरा अध्याय, त्यापुढच्या रविवारी तिसरा, असे करत १९ जूनला अठरावा अध्याय पुरा झाला. कॅलेंडर पुढ्यात घेऊन मोजले तर या दोन तारखांमध्ये, दोन्ही धरून, नेमके अठरा रविवार भरतात. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते. विनोबा बोलत आणि गुरुजी उतरवून घेत. त्या लिखाणातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक उभे राहिले.

हा प्रसंग आज आठवण्याचे निमित्त एका खेळाचे आहे. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचे, एकेक पात्र घ्यायचे, अधूनमधून फासे टाकायचे आणि बोलत बोलत सगळ्यांनी मिळून एक गोष्ट घडवायची, असा तो खेळ. टेबलटॉप रोलप्लेइंग हे त्याचे नाव. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून तो छापील रूपात आला आणि आता व्हिडिओंमधून कुठल्याही गावच्या पोरांना दिसतो. त्याला मैदान लागत नाही, महागडे यंत्रही लागत नाही. जळगावात किंवा धुळ्यात एखाद्याच्या गच्चीवर तो सहज मांडता येईल. एक रात्र खेळणे अवघड नाही. तीच गोष्ट दहा-पंधरा बैठका चालवायची म्हटली की मात्र आखणीचा प्रश्न येतो, आणि पुष्कळ गट तिथेच बसतात.

खेळाची रीत थोडक्यात अशी. एक जण सूत्रधार होतो. खेळणारे त्याला डीएम किंवा जीएम म्हणतात. तो सांगतो, ‘‘दिवस मावळला आहे. तापीला पूर आहे. नावाडी नाव सोडायला तयार नाही. तुम्ही काय करता?’’ एक जण नावाड्याला पैसे देऊ करतो, दुसरा धमकावतो, तिसरा म्हणतो, मी पोहून जातो. जिथे यशाची खात्री नाही तिथे फासा बोलतो. अशा अनेक बैठकांच्या सलग गोष्टीला ‘कॅम्पेन’ म्हणतात. शिशाचे शिपाई मांडून लढाया खेळणाऱ्यांकडून हा शब्द या खेळात आला. मराठीत त्याला ‘मोहीम’ हा नेमका शब्द आहे आणि आखणीचा पहिला धडा त्या शब्दातच दडलेला आहे. मराठ्यांची मोहीम दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघे आणि पावसाळ्याआधी छावणीला येई. मोहिमेला हंगाम असतो, म्हणजे तिला निघण्याचा दिवस असतो तसा परतण्याचाही असतो.

नवा सूत्रधार बहुधा दोनांपैकी एक चूक करतो. पहिली चूक कादंबरी लिहिण्याची. पहिल्या बैठकीत हे घडेल, दुसरीत ते, पाचवीत गुपित फुटेल, दहावीत खलनायक मरेल, असे सगळे तो आधीच ठरवून बसतो. मग खेळाडू काहीही म्हणोत, गाडी त्याच्याच मार्गाने जाते. खेळणाऱ्यांच्या भाषेत याला रुळावर घालणे म्हणतात. भुसावळच्या शेजारी राहणाऱ्यांना त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेबद्दल हीच तक्रार झाली. खेळाची पुस्तके आणि कादंबऱ्या जोडीने निघाल्या, वाचकांना त्या आवडल्या, पण गोष्ट आधीच ठरलेली असल्याने टेबलावर बसलेल्यांच्या हाती फारसे काही उरत नाही असे अनेकांना वाटले. दुसरी चूक याच्या उलट टोकाची. ‘बघू, सुचेल तसे’ म्हणून सुरुवात होते, चार बैठका धमाल येते आणि पाचव्या वेळी कोणालाच आठवत नाही की आपण या जंगलात आलो कशासाठी.

या दोहोंच्या मधली वाट आपल्याकडे जुनी आहे. तमाशातला वग पाहा. कथानक कलावंतांना ठाऊक असते, प्रवेशांचा क्रम ठरलेला असतो, पण परंपरेने संवाद जागच्या जागी रचले जात. समोरच्या गावचा पाटील, यंदाचा पाऊस, कापसाचा भाव, सगळे त्यात येऊन जाई. पक्के काय ठेवायचे आणि सैल काय सोडायचे, याचा तो हिशेब आहे. खेळातही तोच करावा लागतो. आमच्या मते सूत्रधाराने तीन गोष्टी पक्क्या कराव्यात: बैठक, घड्याळ आणि माणसांच्या इच्छा. वाट खेळाडूंवर सोडावी.

बैठकीचे गणित धुळ्याच्या तुरुंगात सापडते. गीतेचे अध्याय सारख्या लांबीचे नाहीत. दुसऱ्यात ७२ श्लोक, अठराव्यात ७८, तर बाराव्यात आणि पंधराव्यात फक्त वीस-वीस. तरीही मोठा असो की छोटा, प्रत्येक अध्यायाला एकच रविवार मिळाला. म्हणजे माप श्लोकांचे नव्हते, बसण्याचे होते. एका बसण्यात श्रोत्याला काय घेऊन उठता येईल, त्यावर प्रवचन उभे राहिले. तुरुंगातल्या श्रोत्याचा भरवसा नसतो. शिक्षा संपली की तो जातो, बदली झाली की जातो. अशा श्रोत्यांपुढे आजचे बोलणे आजच पुरे झाले पाहिजे आणि तरी उद्याच्याला जोडले गेले पाहिजे. खेळाच्या टेबलाचीही हीच अवस्था आहे. या शनिवारी एकाची परीक्षा, पुढच्या शनिवारी दुसऱ्याच्या मामेबहिणीची हळद. म्हणून प्रत्येक बैठकीत एक प्रश्न उघडावा आणि त्याच बैठकीत त्याचा निकाल लावावा. नदी ओलांडली की नाही? ओलीस सुटला की नाही? मोठा प्रश्न पुढे चालू राहू द्यावा, छोटा रात्रीबरोबर मिटवावा.

दुसरी गोष्ट घड्याळ. भागवताच्या कथेत परीक्षित राजाला सात दिवसांनी तक्षक डसणार, हे आरंभीच ठरलेले आहे. त्या सात दिवसांमुळे शुकाच्या प्रत्येक दिवसाच्या कथेला धार येते. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहालाही तीच शिस्त आहे. रोज नवे कीर्तनकार येतात, प्रत्येकाचा अभंग वेगळा असतो, पण काल्याचे कीर्तन कोणत्या दिवशी हे पत्रिकेवर आधीच छापलेले असते. शेवट माहीत असल्याने गर्दी कमी होत नाही. उलट काल्याला ती सर्वांत जास्त असते. सूत्रधाराने शेवटच्या बैठकीची तारीख आधी ठरवावी आणि गोष्टीतही एक मुदत घालावी, जी खेळाडू हातावर हात ठेवून बसले तरी पुढे सरकत राहील.

तिसरी गोष्ट माणसांच्या इच्छा. इथे उदाहरण आपल्याच मुलखाच्या इतिहासातले घेऊ. फारुकी घराण्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस तापीकाठच्या थाळनेरपासून खानदेशात सत्ता उभारली आणि पुढे बुऱ्हाणपूर राजधानी केली. १६०० मध्ये अकबर स्वतः बुऱ्हाणपुरात आला. बहादूरशहा फारुकी असीरगडावर तळ देऊन बसला. गड मोगलांच्या हाती यायला जानेवारी १६०१ उजाडला. या वेढ्यावर सहा बैठकांची मोहीम बसवायची आहे, असे समजा.

कादंबरीवाला सूत्रधार लिहील: पहिल्या बैठकीत खेळाडू थाळनेरला भेटतात, दुसरीत गडावर चढतात, तिसरीत फितूर सापडतो. आणि पहिल्याच रात्री खेळाडू म्हणतील, ‘‘आम्ही मोगलांच्या छावणीत ज्वारी विकायला जातो.’’ झाले, सगळी पाने वाया! त्याऐवजी एका कागदावर चार ओळी लिहाव्यात. अकबराला घाई आहे, कारण उत्तरेत शहजादा सलीमने बंड मांडले आहे. बहादूरशहाला वेळ काढायचा आहे, पण गडावर माणसांची दाटी आणि रोगराई वाढते आहे. बुऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याला, तो आपण कल्पनेने उभा करू, कोणीही जिंको, बाजार उघडायला हवा आहे. सातपुड्यातल्या एका पाड्याला, तोही कल्पनेतलाच, दोन्ही फौजांपासून आपली गुरे वाचवायची आहेत. आता खेळाडू छावणीत गेले काय, गडावर गेले काय किंवा पाड्यात लपले काय, समोर येणारा माणूस कसा वागेल हे सूत्रधाराला ठाऊक असते. शेजारी दुसरा कागद ठेवावा, त्यावर प्रत्येक बैठकीला आपोआप काय घडेल याची एकेक ओळ: दुसरीत रसद तुटते, तिसरीत गडावर ताप पसरतो, चौथीत वाटाघाटीचा निरोप येतो. खेळाडूंनी मध्ये हात घातला तर ओळ खोडावी.

हा वेढा सूत्रधाराला आणखी एक सोय करून देतो. गड पडला कशाने, यावर जुन्या लेखनातच एकमत नाही. अबुल फजलच्या वृत्तांतात रोगराई पुढे येते, तर जेझुइटांच्या वृत्तांतात किल्लेदारांना चारलेले सोने. इतिहासाने दोन दारे उघडी ठेवली असतील, तर टेबलावर तिसरे उघडायला हरकत नाही. मात्र जो धागा सापडल्याशिवाय गोष्ट अडते, तो एकाच माणसाच्या तोंडी ठेवू नये. सोन्याची गोष्ट सराफालाही माहीत असावी, खेचरवाल्यालाही आणि एखाद्या चिठ्ठीतही असावी. कारण ज्या माणसावर सूत्रधाराची सारी भिस्त असते, त्यालाच खेळाडू पहिल्या भेटीत तापीत ढकलून देतात.

घटनांच्या धाग्याइतकाच पात्रांचा धागा मोलाचा, आणि त्याचा नमुना पुन्हा साने गुरुजींकडेच आहे. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या या माणसाने धुळ्याच्या त्या रविवारांनंतर वर्षभरातच, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहायला घेतली. पुस्तकाला प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, एकूण बेचाळीस. आई आता नाही हे वाचकाला सुरुवातीलाच ठाऊक असते, त्यामुळे पुढे काय होणार या उत्कंठेवर पुस्तक चालत नाही. एका रात्री एक प्रसंग, त्यात आईचा एक पैलू, आणि बेचाळीस रात्रींनंतर पूर्ण माणूस. मोहिमेतही प्रत्येक बैठकीत एका खेळाडूच्या पात्राची पाळी ठेवावी. आज नावाड्याच्या मुलाचे जुने वैर, पुढच्या वेळी वैदूच्या मुलीचे वचन. ज्याला आपली पाळी येणार हे माहीत असते, तो दुसऱ्याच्या पाळीलाही हजर राहतो.

याविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो आणि तो वाजवी आहे. काही जुने खेळाडू म्हणतात, आखणीच नको. एक नकाशा द्या, खेळाडूंना भटकू द्या, गोष्ट मागून तयार होईल. दर आठवड्याला न चुकता भेटणाऱ्या गटाला हे जमतेही. पण पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने जमणाऱ्यांना मागचे आठवत नाही, आणि भटकंतीची सारी मजा आठवणीवर उभी असते. इथल्या गटांना तर वर्षाचा क्रमही पाहावा लागेल. श्रावणात कानबाई, मग गणपती, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी, पुढे लग्नसराई, अखाजीला माहेरी आलेल्या बहिणी आणि मे महिन्यात डोके बधिर करणारे ऊन. यातून सलग वीस बैठका काढणे कठीण. म्हणून वीसची एक मोहीम आखण्यापेक्षा पाच-सहा बैठकांच्या तीन मोहिमा आखाव्यात. प्रत्येकीचा शेवट सणाआधी किंवा हंगामाआधी यावा. पात्रे तीच राहू द्यावीत, संकट बदलावे.

आणखी दोन गोष्टी छोट्या, पण टाळू नयेत. खेळ आपल्या बोलीत खेळावा. नावाडी अहिराणीत बोलला आणि सरदार दरबारी भाषेत, तर सूत्रधाराला सोंगे वेगळी काढायला निराळे कष्ट पडत नाहीत. आणि वही ठेवावी. कोण भेटले, कोणाला काय वचन दिले, कोणाचे देणे राहिले, हे बैठक संपताच कोणीतरी लिहून काढावे आणि पुढच्या वेळी तेच वाचून सुरुवात करावी. हे काम सूत्रधाराने करू नये. बोलणाऱ्याला आपण काय बोलणार होतो ते आठवते, ऐकणाऱ्याला काय पोहोचले ते आठवते, आणि पुढची बैठक त्या पोहोचलेल्यावरच चालते.

धुळ्यात बोलणारा एक होता आणि लिहिणारा दुसरा, म्हणून ते अठरा रविवार आज आपल्या हातात आहेत. ज्यांना यंदा मोहीम मांडायची असेल त्यांनी पहिल्या बैठकीला बसण्यापूर्वी दोनच गोष्टी कराव्यात: शेवटच्या बैठकीची तारीख कॅलेंडरवर लिहावी, आणि वही कोणाकडे राहणार ते ठरवावे. नावाडी पैसे घेऊन नाव सोडतो की नाही, ते टेबलावर बसल्यावर पाहता येईल.