आकड्यांची गंमत : डेम्लो आणि मोबाइलची चूक

या वेळचा आकडा १७ अंकी आहे : १२३४५६७८९८७६५४३२१. उलटा वाचला तरी तोच. हा १११११११११ चा, म्हणजे नऊ एक्क्यांचा, वर्ग आहे.

अशा आकड्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी (१९०५–१९८६). डहाणूत जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत शिकवणारे कापरेकर ६१७४ या आकड्यामुळे जगभर ओळखले जातात. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली स्टेशन. ही कल्पना त्यांना तिथे सुचली, म्हणून स्टेशनचंच नाव दिलं.

हा आकडा असा का येतो? कागदावर गुणाकार मांडून बघा. नऊ एक्क्यांच्या नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रकान्यांत अनुक्रमे १, २, ३ असे वाढत ९ एक्के येतात आणि पुन्हा कमी होत जातात. हातचा कुठेच येत नाही. दहा एक्के घेतले की मधल्या रकान्यात १० होतात, हातचा येतो आणि उत्तर निघतं १२३४५६७९००९८७६५४३२१. नक्षी मोडली!

नऊ ओळींत नऊ-नऊ एक्के, म्हणून आपल्या आकड्यातल्या अंकांची बेरीज ८१. त्याला ९ ने भाग जातो. शिवाय १११११११११ = ९ × ३७ × ३३३६६७, म्हणून ३७ नेही जातो.

आता उकव्यात घरी बसून करता येईल असा प्रयोग. एक्सेलमध्ये हाच गुणाकार करा आणि सगळे अंक दिसतील असं करा. उत्तर येईल १२३४५६७८९८७६५४३००. एक्सेल पहिले १५ अंकच सांभाळतं, पुढे शून्य. जावास्क्रिप्टमध्ये साधा गुणाकार केला तर शेवटी ३२० येतात, कारण ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे तिथले साधे आकडे प्रत्येक पूर्णांक अचूक ठेवू शकत नाहीत. पायथन मात्र बरोबर उत्तर देतं.

यंत्र चुकलंय हे दुसरं यंत्र न घेता कसं ओळखाल? ज्याच्या शेवटी १ आहे त्याच्या वर्गाच्या शेवटीही १ च हवा. ३०० वाल्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ७८ येते, ३२० वाल्याची ८०. दोन्हींना ९ ने भाग जात नाही. म्हणजे दोन्ही चूक.

घरातही हे उपयोगी आहे. १६ अंकी कार्ड नंबर एक्सेलमध्ये आकडा म्हणून भरला तर शेवटचा अंक शून्य होतो, आणि कुठलीही सूचना येत नाही. म्हणून असे नंबर भरण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' करून घ्या. आई-बाबांच्या फाइलीही एकदा तपासा.

पुढच्या वेळेपर्यंत गृहपाठ : ९९९९९९९९९ चा वर्ग काढा. कागदावर, हं!