बिनकिमतीच्या जनावराची लस

सांगलीच्या विश्रामबाग भागातील एखाद्या खासगी पशुचिकित्सालयात सायंकाळी डोकावले, तर हा बालरोगतज्ज्ञाचा दवाखाना असावा असा समज होण्याचा संभव आहे. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेले पिलू, हातात लसीकरणाचे कार्ड आणि चेहऱ्यावर काळजी घेऊन मंडळी बाकावर बसलेली असतात. त्यांत कोणी शिक्षक असतो, कोणी बँकेतील कारकून. एकाच्या कुत्र्याला रात्रीपासून उलट्या होत आहेत, दुसऱ्याच्या मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड लावलेले नाही. डॉक्टर सलाईन लावतात, रक्त तपासणीला पाठवतात. बिलाचा आकडा ऐकून मालक क्षणभर थबकतो खरा, पण पैसे देतो.

सातारा जिल्ह्यातील दहिवडी-वडूजकडच्या सरकारी दवाखान्यापुढे सकाळी दिसणारे दृश्य याहून निराळे. तेथे लोखंडी खोड्यात संकरित गाय उभी असते. तिच्या कासेला दगडी झालेली असते आणि मालकाला एवढेच जाणून घ्यायचे असते की, ही पुन्हा पूर्वीइतके दूध देईल काय? त्याचे गाईवर प्रेम नसते असे नव्हे. परंतु तिच्या उपचाराला एक मर्यादा असते आणि ती मर्यादा म्हणजे तिची बाजारातील किंमत. त्यापलीकडे खर्च करणे त्याला परवडत नाही. उलट सांगलीतील ते पिलू रस्त्यावरून उचलून आणलेले, म्हणजे बाजारभावाने शून्य रुपयांचे असू शकते. त्याच्यासाठी हजारो रुपये मोजणारा मालक अविचारी ठरत नाही. गाय हे भांडवल आहे. कुत्रे त्या घरातले झाले आहे. दोहोंचा हिशेब एका वहीत मांडता येणार नाही.

या फरकाचे परिणाम मात्र दूरवर पोचतात. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली पाच हजार पशुघटकांमागे एक पशुवैद्य असावा अशी शिफारस केली होती. सातारा जिल्ह्यातच शिरवळला १९८८ साली क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरीही खेड्यापाड्यांत पदवीधर डॉक्टर वेळेवर मिळणे दुर्मीळच राहिले. नवा पदवीधर शहरात पाटी लावतो याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पैसे मोजणारा ग्राहक तेथे आहे. शिवाय गाईला वाली अनेक. भिलवडीला चितळ्यांचा दुग्धव्यवसाय १९३९ पासून उभा आहे. सहकारी दूध संघ आहेत. १९६२ या क्रमांकावर बोलावता येणारे फिरते पथक आहे. २०२२ साली लम्पी त्वचारोग आला तेव्हा राज्य शासनाने मोफत लसीकरणाची मोहीम काढली आणि दगावलेल्या दुधाळ जनावरामागे ३० हजार, बैलामागे २५ हजार, वासरामागे १६ हजार रुपये भरपाईही ठरवली. जनावराला किंमत असली की सरकारचे पाऊल लवकर उचलते.

खरा प्रश्न आहे तो तिसऱ्या जनावराचा. वस्तीवरचे, गोठ्यापुढचे, मेंढरांमागून चालणारे किंवा एस.टी. स्थानकावर झोपणारे कुत्रे भांडवलही नव्हे आणि घरातलेही नव्हे. भारतात माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सर्वस्वी कुत्र्याच्या चाव्यातून होतो, आणि एकदा लक्षणे दिसू लागली की त्यावर उपाय उरत नाही. विश्रामबागेतील मालक आपल्या कुत्र्याला लस टोचतो तेव्हा तिचा लाभ शेजारच्या मुलालाही होतो. पण शेजारी त्याचे पैसे देत नाही. अशा वस्तूची खरेदी समाजाच्या गरजेपेक्षा नेहमी कमी होते. बेवारशी कुत्र्याच्या बाबतीत तर खरेदीदारच नाही.

हा खर्च टळतो असे मात्र नाही. तो चाव्यानंतर मानवी रुग्णालयात निघतो: लसीच्या मात्रा, जखम खोल असेल तर प्रतिद्रव्याचे इंजेक्शन, आणि दर वेळच्या फेरीपायी बुडालेला रोजगार. खिसा अखेर सरकारचाच, पण त्याचे कप्पे तीन. गाय पशुसंवर्धन खात्याची, भटके कुत्रे २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक संस्थेचे, आणि चावा आरोग्य खात्याचा. एका कप्प्यातील बचत दुसऱ्यात खर्च होऊन पडते हे कोणत्याही एका अधिकाऱ्याच्या वहीत दिसत नाही. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीमुळे भटकी कुत्री कोठे ठेवावीत यावर देशभर वाद झाला. त्यांना लस कोणाच्या पैशाने टोचावी, ही बाब त्या गदारोळात मागेच पडली.

वस्तुतः उपाय अज्ञात नाही. सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना नियमित लस मिळाली की रोगाची साखळी तुटते. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून गल्लोगल्ली हे काम चालले आणि २०२१ साली राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. मेक्सिकोसारख्या मोठ्या देशाने २०१९ साली कुत्र्यांमुळे माणसांना होणाऱ्या रेबीजपासून मुक्ती मिळवली.

सातारा-सांगलीत यासाठी नवे खाते काढण्याची गरज नाही. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताची मोफत लस घेऊन टोचणारा कर्मचारी वर्षातून दोनदा गोठ्यापर्यंत येतो. त्याच्याजवळ बर्फाची पेटी असते. त्याच गोठ्याच्या दाराशी बांधलेले कुत्रे त्याच्यावर भुंकत असते, आणि तो गाईला टोचून निघून जातो! माण, आटपाडी, जतचे मेंढपाळ कळप घेऊन महिनोन्महिने बाहेर असतात. त्यांची कुत्री गावच्या शिबिरात सापडणे शक्य नाही, पण मेंढरांना आंत्रविषाराची लस देताना ती वाड्यावरच असतात. दर वर्षी २८ सप्टेंबरच्या रेबीज दिनाला होणारी मोफत शिबिरे स्तुत्य खरीच. तथापि तेथे येतात ती बहुधा स्कूटरवरून आणता येणारी कुत्री.

अडचणी आहेत. कुत्रे धरणे हे गाय धरण्याहून जोखमीचे. कर्मचाऱ्याला आधी स्वतःला लस टोचून घ्यावी लागेल, आणि आधीच अपुऱ्या मनुष्यबळावर आणखी भार पडेल. मोकाट कुत्र्यांसाठी जाळी आणि प्रशिक्षित माणसे लागतील, म्हणून आरंभ बांधलेल्या आणि पाळलेल्या कुत्र्यांपासून करणे सोयीचे. लसीचा पैसा आरोग्य आणि पशुसंवर्धन या दोन्ही खात्यांनी मिळून द्यावा, म्हणजे चाव्यांची संख्या घटली तर ती दोघांच्याही हिशेबात दिसेल. त्यासाठी जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद हवी. आणि पावसाळ्यापूर्वीची फेरी साधायची, तर ती मार्चमध्येच व्हावी लागेल.