दोष पंपाचा की नळीचा?



पावसाळा सरता सरता एके सायंकाळी नवापूरकडील एका खेड्यातून एक शेतकरी व त्यांचा तरुण मुलगा आमच्याकडे आले. दोघे एकाच बाकावर बसले; परंतु एकमेकांकडे पाहीनात. या कुटुंबाकडे एक जुनी डिझेलची पिकअप गाडी आहे. आठवड्यातून तीन वेळा भेंडी, गिलकी व हिरवी मिरची भरून ती मध्यरात्री निघते आणि सोनगड, व्यारा, बारडोली या मार्गाने सुरतेस जाते. पहाटेचा बाजार साधला तर चार पैसे हाती राहतात. उशीर झाला की भाव उतरतो व भाजीही सुकते.

वडील म्हणाले, "फादर, गाडी सकाळी लवकर चालू होत नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. माल भरला की चढणीला धक्के देते आणि बंद पडते. दोनदा फिल्टर बदलला. आता गॅरेजवाला म्हणतो, पंप गेला. तीस हजारांचा खर्च आहे. घरच्या बाईची पोत गहाण ठेवायची ठरली आहे." मग क्षणभर थांबून ते म्हणाले, "आणि पंप आपोआप जात नाही. हा पोरगा वाटेत डिझेल विकून टाकीत रॉकेल घालतो, असा मला संशय आहे."

मुलगा खाली मान घालून बसला होता. तो एवढेच म्हणाला, "बाबा, मी तसं काही केलेलं नाही."

सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान शिकविण्यात आले, डिझेल इंजिन नव्हे. तेव्हा या बापलेकांस आम्ही गावातील एका वृद्ध गृहस्थांकडे घेऊन गेलो. त्यांचे सारे आयुष्य एस. टी.च्या कार्यशाळेत गेले आहे. त्यांनी सर्व हकीकत ऐकून घेतली व एकच प्रश्न विचारला, "पंप खराब झाला म्हणता; पण पंपापर्यंत डिझेल नीट पोहोचते आहे, हे कोणी पाहिले आहे काय?"

ते कोणीच पाहिले नव्हते. जुनी गाडी बाळगणाऱ्या आपल्या कित्येक कुटुंबांस हा प्रश्न उपयोगी पडेल, म्हणून या वेळी त्याविषयीच चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम डिझेलचा मार्ग ध्यानात घ्यावा. टाकीतून ते नळीने फीड पंपाकडे येते. हा लहानसा पंप ते ओढून घेतो व फिल्टरमधून पुढे ढकलतो. फिल्टरमधून गाळलेले डिझेल मोठ्या पंपात जाते. मोठा पंप त्याला प्रचंड दाब देऊन नोझलमधून इंजिनात फवारतो. उरलेले डिझेल परतीच्या नळीने टाकीत जाते. मोठ्या पंपाच्या आतील दट्ट्या व त्याचे घर यांतील फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकीच असते. म्हणून तो महाग असतो, आणि म्हणूनच त्याला धूळ, पाणी व भेसळ सोसत नाही. १९२७ साली जर्मनीत बॉश कंपनीने असे पंप मोठ्या संख्येने बनविण्यास आरंभ केला व त्यानंतर मालमोटारींत डिझेल इंजिनाचा प्रसार झपाट्याने झाला. आपल्या देशात १९५१ साली स्थापन झालेल्या मायको कंपनीचे नाव तर जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी अजूनही असते.

आता एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ढकलले जात नाही, ओढले जाते. त्यामुळे या नळीला बारीक चीर पडली तर पुष्कळदा बाहेर थेंबही गळत नाही. उलट आत हवा शिरते. मनुष्य गळती शोधत बसतो, ती दिसत नाही, आणि नळी निर्दोष ठरते. रात्रभर गाडी उभी राहिली की नळीतील डिझेल मागे टाकीत उतरते व सकाळी सेल्फ मारूनही इंजिन उठत नाही. ओझे नसताना थोडे डिझेल पुरते. माल भरून चढण लागली की मागणी वाढते व पुरवठा तोकडा पडतो. कोंडाईबारीच्या घाटात जी गाडी दम सोडते, तीच सपाट रस्त्यावर सुरळीत धावताना दिसते, याचे कारण पुष्कळदा हेच असते. भरलेल्या फिल्टरनेही असेच होते.

म्हणून तपासणी नेहमी टाकीकडून सुरू करावी व स्वस्त गोष्टी आधी पाहाव्यात. आमच्या मिस्त्रीकाकांनी सांगितलेला क्रम असा.

प्रथम धुराड्याकडे पाहावे. सेल्फ मारताना धूर मुळीच येत नसेल, तर इंजिनापर्यंत डिझेल पोहोचत नाही असे समजावे. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते पण नीट जळत नाही. चालताना काळा धूर येत असेल, तर हवा कमी पडते किंवा नोझल बिघडले आहे; अशा वेळी एअर फिल्टर आधी उघडावा. इंजिन बंद करण्याची तार अर्धवट ओढलेली राहिली नाही ना, हेही याच वेळी पाहावे. तेवढ्यासाठी गाडी दोरीने ओढून नेल्याची उदाहरणे आहेत.

दुसरे, टाकीचे झाकण. त्यातील हवेचे छिद्र मातीने बुजले तर डिझेल उपसले जाईल तसा टाकीत हवेचा दाब कमी होतो व पुरवठा थांबतो. गाडी काही अंतर चालून बंद पडते, थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा चालते. बंद पडताच झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा फुसकन् आवाज आला, तर दोष सापडला.

तिसरे, टाकीचा तळ. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने खाली बसते. सकाळी गाडी हलविण्यापूर्वी तळाचा बोल्ट सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे व काही वेळ स्थिर ठेवावे. तळाशी पाण्याचा थर किंवा गाळ दिसला, तर टाकी धुणे भाग आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाच्या विसर्गाने तापीस पूर आला व सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला, हे अनेकांस आठवत असेल. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी व फिल्टर रिकामे करून साफ केल्याशिवाय ती चालू करू नये. पूर नसला तरी अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात रात्रभर उभी राहिली की आतल्या दमट हवेचे थोडे पाणी होतेच.

चौथी कसोटी सर्वांत मोलाची. एका स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्यावे व तो कॅन इंजिनापेक्षा उंच जागी घट्ट बांधावा. फीड पंपाला येणारी टाकीची नळी काढून तेथे कॅनची नळी जोडावी. परतीची नळीही कॅनमध्येच सोडावी. मग गाडी चालवून पाहावी. ती आता नीट चालली, तर मोठा पंप निर्दोष आहे. दोष टाकीत किंवा तिच्या नळीत आहे. तरीही बंद पडली, तर फीड पंप व फिल्टरपासून पुढे शोध घ्यावा. जवळपास विडी-सिगारेट असू नये. पेट्रोलच्या गाडीवर हा प्रयोग कदापि करू नये. त्यात आगीचे भय आहे.

फिल्टर बदलला किंवा नळी उघडली की आत शिरलेली हवा काढावी लागते. फिल्टरवरील स्क्रू सैल करून फीड पंपाचे बटण हाताने दाबत राहावे. प्रथम बुडबुडे येतात. अखंड धार आली की स्क्रू आवळावा व मोठ्या पंपावरील स्क्रूशी तेच करावे. नोझलच्या नळ्यांना मात्र हात लावू नये. तेथे जुन्या गाडीतही दाब सुमारे २०० बार, म्हणजे टायरातील हवेच्या पन्नासपट किंवा अधिक असतो. तो फवारा कातडीतून आत शिरतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी तत्काळ इस्पितळात जावे. नव्या, संगणकाने चालणाऱ्या इंजिनात हा दाब कित्येक पटींनी अधिक असतो. ती गाडी जाणत्याकडेच न्यावी.

भेसळीविषयीही एक शब्द. मोठ्या पंपातील दट्ट्यांना वंगण मिळते ते डिझेलचेच. रॉकेल पातळ असल्याने ते वंगण कमी होते व पंप झिजतो. रस्त्याकडेला स्वस्तात मिळणाऱ्या इंधनाची किंमत शेवटी येथे चुकवावी लागते. ज्यांची जुनी गाडी पेट्रोलवर चालते, त्यांनी रबरी नळ्या अधिक वेळा पाहाव्यात. २०२५ पर्यंत आपल्या देशात पेट्रोलमध्ये सुमारे वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल पाणी शोषून घेते, टाकीतील जुना मळ सोडवून फिल्टरकडे आणते व जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही.

आता त्या बापलेकांकडे वळू. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकाकांनी टाकीतील डिझेल बाटलीत घेऊन पाहिले. ते स्वच्छ होते; त्यास रॉकेलचा वासही नव्हता. मग गाडीच्या टपावर कॅन बांधला व मागे दगड भरून तिला सोनगडच्या दिशेने पिटाळले. चढणीवर तिने एकही धक्का दिला नाही. मग काका गाडीखाली शिरले. टाकीजवळ वीतभर रबरी नळी होती. क्लिपखाली तिला चिरा पडल्या होत्या; बोटाने दाबताच त्या उघडत. नवी नळी, दोन क्लिपा व तांब्याचे दोन वॉशर एवढ्यावर काम भागले. खर्च दोनशे रुपयांच्या आत झाला.

पुढील आठवड्यात वडील एकटेच भेटावयास आले. गाडी पहाटेच्या आधी सुरतेच्या बाजारात पोहोचली होती व पोत घरीच राहिली होती. निघताना ते दारात थांबून म्हणाले, "फादर, त्या दिवशी तुमच्यासमोर मी पोराला बोललो, ते चुकलंच." ते मुलालाही सांगितले काय, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "अजून नाही. आज सांगतो."

ज्यांच्या दारी जुनी गाडी आहे, त्यांनी सीटखाली एक नवा फिल्टर, हातभर नळी, दोन क्लिपा, काही वॉशर व दोन पाने सदैव ठेवावेत. आणि कोणी मोठ्या खर्चाचे निदान सांगितले, तर पैसे काढण्यापूर्वी मिस्त्रीकाकांचा तो प्रश्न एकवार अवश्य विचारावा.