आत्तीची ट्रंक

मास कॉमला असताना 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' मी दहा मार्कांसाठी वाचलं होतं. टेनेसी विल्यम्स, ब्रॉडवे, ३ डिसेंबर १९४७, पुढच्या वर्षी पुलित्झर. पाठ केलं, लिहिलं, विसरले. परवा तेच नाटक माझ्या वन बीएचकेमध्ये येऊन बसलं. लोखंडी ट्रंक घेऊन!

झालं असं की, आमचं कागलचं जुनं घर विकलं. नवरा गेल्यावर तिथं परतलेली आत्ती माझ्याकडे पुण्याला आली. 'महिनाभर' म्हणून. महिन्याचे तीन झाले. सकाळी बाथरूम तिचं, रात्री रिमोट तिचा. वर दर दोन वाक्यांमागे 'आमच्या कागलात'. एका रात्री डेडलाइन डोक्यावर होती. मी भडकून विचारलं, "घराचे पैसे आले ना? कागद कुठायत?" आणि ट्रंक उघडलीसुद्धा. आत दोन इरकली, घरपट्टीच्या पावत्या आणि हक्कसोडपत्राची झेरॉक्स. सही आत्तीची. वाटा गेला भावांना, म्हणजे माझ्या बाबांनासुद्धा.

झोप येईना. शेल्फवरचं 'वासनाचक्र' काढलं. तेंडुलकरांनी याच नाटकाला दिलेलं मराठी रूप. गोष्ट साधी आहे. वडिलोपार्जित इस्टेट हातची गेली म्हणून ब्लांश न्यू ऑर्लिन्सला बहिणीच्या दोन खोल्यांत येते. मेहुणा स्टॅनली तिची ट्रंक उपसतो, इस्टेटीचे कागद मागतो, ती बाथरूम अडवते म्हणून करवादतो. आणि तिच्या वाढदिवसाला गिफ्ट काय देतो? परतीच्या बसचं तिकीट.

कॉलेजात आम्ही सगळे ब्लांशच्या बाजूचे. स्टॅनली म्हणजे राक्षस, मग स्टेजवर तो तेवीस वर्षांच्या मार्लन ब्रँडोनं का केलेला असेना. पण विल्यम्सनं त्यालाही मुद्दे दिलेत. घर त्याचं, कमाई त्याची, खोल्या दोनच. अगदी माझेच मुद्दे की! माझ्या लॅपटॉपवर तेव्हा कोल्हापूरच्या बसचं बुकिंग उघडं होतं.

सकाळी चहा गाळता गाळता आत्ती म्हणाली, "तिकीट बघत हुतीस न्हवं? सांग की सरळ. जातो मी."

कुठं जाणार, ते ती बोलली नाही. घर तर विकलेलं.

मी कपाटातला एक कप्पा रिकामा केला. बाथरूम सात ते साडेसात माझं, असं ठरलं. मग बाबांना फोन लावला आणि आत्तीच्या वाट्याचं विचारलं. पलीकडे बराच वेळ शांतता. "रविवारी येतो," एवढंच म्हणाले.

न्यू ऑर्लिन्सची खरीखुरी 'डिझायर' ट्राम १९४८ मध्ये बंद झाली. नाटक मात्र चालूच आहे. आमच्याकडे पुढचा प्रवेश रविवारी. तुमच्याकडे सध्या कोण आलंय?