सरासरी नको, मधल्या घराची कमाई मोजा

महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न २०२४-२५ मध्ये ३ लाख ९ हजार रुपयांवर जाईल, असा अंदाज राज्याच्या आर्थिक पाहणीत आला. असा आकडा आला की पुण्यात एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: कात्रजचे टॉवर बघा, चौकातल्या गाड्या बघा, स्वारगेटहून येऊ घातलेली मेट्रो बघा, लोकांकडे पैसा आहे, अर्थव्यवस्था ठणठणीत आहे. याच्या उलट काही अभ्यासक म्हणतात, उत्पन्नाचा आकडाच फसवा, तो सोडून द्या आणि खर्च मोजा. मला दोन्ही मतं अमान्य आहेत.

आधी पहिलं मत. दरडोई उत्पन्न कुणाच्याही घरी जाऊन मोजलेलं नसतं. राज्यातल्या उत्पादनाच्या मूल्यातून घसारा वगळायचा आणि उरलेल्याला लोकसंख्येनं भागायचं, असा तो हिशेब. चाकणच्या कारखान्याचा नफाही त्यात येतो, मग भागधारक कुठलेही असोत. पुणे जिल्ह्याच्या आकड्यात हिंजवडी, कात्रज आणि वेल्हे एकाच भागाकारात बसतात. समजा, दहा घरांपैकी नऊ घरं महिन्याला २० हजार कमावतात आणि दहावं ३ लाख २० हजार. सरासरी निघते ५० हजार. दहाव्या घराची कमाई दुप्पट झाली की सरासरी ८२ हजारांवर जाते. नऊ घरांच्या हाती मात्र एक रुपयाही जास्त येत नाही.

उलाढाल म्हणजे कमाई, हाही असाच गैरसमज. कात्रजचं नाव ज्या दुधानं घरोघर नेलं, त्या दुधाचंच उदाहरण घ्या. शेतकऱ्याला मिळालेलं दुधाचं बिल म्हणजे त्याचं उत्पन्न नव्हे. पेंड, चारा आणि डॉक्टरचा खर्च वजा जाऊन उरेल ते उत्पन्न. २०२४ मध्ये राज्य सरकारला गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं, ते दूध कमी पडलं म्हणून नव्हे, उरणारा पैसा कमी पडला म्हणून.

आता दुसरं मत. त्यातला आक्षेप खरा आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीनं १९५०-६०च्या दशकांत उत्पन्न विचारून पाहिलं, तेव्हा लोकांनी सांगितलेली कमाई त्यांच्या खर्च-बचतीपेक्षाही कमी भरली. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्य मोजलं तेही खर्चावरून, २,२५० उष्मांकांचा निकष लावून. दारिद्र्यरेषेसाठी ते योग्यच होतं. पण आर्थिक प्रकृती खर्चावरून कळत नाही. समजा, कात्रजशेजारच्या आंबेगावातली दोन कुटुंबं महिन्याला सारखाच खर्च करतात. एक पगारातून, दुसरं पतसंस्थेच्या कर्जातून. खर्चाच्या रकान्यात दोन्ही सारखीच सुखी दिसतात. दुसऱ्याचं संकट फक्त उत्पन्नाच्या रकान्यात दिसतं. मोजणं अवघड आहे म्हणून तो रकानाच खोडायचा, हा शास्त्रीय मार्ग नव्हे.

म्हणून माझं म्हणणं असं: माणसाच्या हाती येणारं उत्पन्न हाच अर्थव्यवस्थेच्या प्रकृतीचा सर्वांत प्रामाणिक निर्देशक आहे, पण तीन अटींवर. सरासरीऐवजी मधल्या घराची, म्हणजे कमाईच्या क्रमानं लावलेल्या घरांत मधोमध येणाऱ्या घराची, कमाई धरावी. तिच्यातून महागाई वजा करावी. आणि ती किती नियमित आहे हेही नोंदवावं, कारण मजूर अड्ड्यावरच्या गवंड्याला आज हजेरी मिळाली म्हणजे उद्याही मिळेलच असं नाही.

अशी घरोघरची पाहणी पुण्याला नवी नाही. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनं या शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि १९४५ व १९५२ मध्ये ती दोन भागांत छापली. संगणक नसताना कुटुंबाकुटुंबाला प्रश्न विचारले गेले. आता केंद्रानं २०२६ साठी देशव्यापी कौटुंबिक उत्पन्न पाहणी जाहीर केली आहे. तिच्या जोडीला पुणे महापालिकेनं प्रभागवार पाहणी करावी आणि तिचे आकडे दरवर्षी अंदाजपत्रकाबरोबर लोकांपुढे ठेवावेत. कात्रजच्या मधल्या घराची कमाई महागाईच्या पुढे गेली, तरच कात्रज श्रीमंत झालं असं म्हणण्याचा हक्क आपल्याला मिळेल.